बारा स्पीकर आणि एक मंजिरी

गाडी घ्यायची ठरली तेव्हा आमच्या घरात सर्वांत आधी प्रश्न निघाला तो आवाजाचा. मायलेज, सर्व्हिसिंग, डिकीची जागा हे विषय माझ्या मुलीने दोन मिनिटांत उरकले आणि लॅपटॉपवर एक तक्ता उघडला. डावीकडे गाड्यांची मॉडेलं. वर रकाने: स्पीकर किती, ट्वीटर किती, सबवूफर आहे का, सराउंड साउंड कंपनीतूनच बसवून येतो की नंतर बाहेरून बसवावा लागतो. शेवटचा रकाना 'अनुभव' असा होता आणि तो रिकामा होता. तो भरण्यासाठी आम्हाला रविवारी शोरूम पालथ्या घालायच्या होत्या.

मुलगी चोवीस वर्षांची, हिंजवडीला नोकरी. जाऊन-येऊन तिचे रोजचे तीन तास रस्त्यावर जातात, आणि त्यातला बराचसा वेळ वाहनं उभीच असतात. "आई, जिथे माणूस दिवसाचे तीन तास बसतो ती खोलीच असते," ती म्हणाली. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. खोलीच्या व्याख्येवर तासभर बोलू शकले असते, पण तिचं चूक नव्हतं. मी एवढंच विचारलं, की गाडीत बसणार पाच माणसं आणि तुझ्या आवडत्या मॉडेलमध्ये स्पीकर बारा, तर उरलेले सात कुणासाठी बोलणार?

"सराउंड तसाच असतो," ती म्हणाली. याला उत्तर म्हणत नाहीत, पण चर्चा संपली.

नवऱ्याने अंग काढून घेतलं. तो चाकणला गाड्यांच्याच कारखान्यात असतो. "आठवडाभर गाड्याच बघतो, रविवारी तरी माणसं बघू द्या," असं म्हणून तो पेपर उघडून बसला, म्हणजे माणसंही दिसेनाशी झाली. राहिलो आम्ही तिघं: मुलगी, मी आणि माझे वडील. त्यांना आम्ही दादा म्हणतो. आई गेल्यापासून ते संत तुकाराम नगरला आमच्याकडेच असतात. तीसहून जास्त वर्षं त्यांनी प्रेस शॉपमध्ये गाड्यांची दारं दाबून काढली. पत्र्याचा सपाट तुकडा मशीनखाली जायचा, धाड असा आवाज व्हायचा आणि तुकड्याचं दार झालेलं असायचं. दिवसातून किती वेळा, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

दादांनी दीड वर्षापूर्वी गाणं सोडलं होतं. हे इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ते आमच्या भागातल्या एका गायन पार्टीचे मुख्य गायक. जयंतीला, विहारातल्या कार्यक्रमांना, ओळखीपाळखीच्या लग्नांत त्यांची पार्टी गायची. पेटी आणि ढोलकीवाले बदलत राहिले, मंजिरीवाला मात्र कायम एकच: दादांबरोबर प्रेसवर काम केलेले, दिघीला राहणारे काका. दोन बोटांत धरता येतील एवढ्या पितळी वाट्या, पण काकांच्या हातात त्या ढोलकीला वेसण घालायच्या. दोन वर्षांपूर्वी विहारात सराव चालू असताना दादांनी गाणं अर्ध्यावर तोडलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मंजिरी कुठाय? नुसतेच हात हलवतोस व्हय? झोप आली असंल तर घरी जा." काकांनी मंजिरी रुमालात गुंडाळली आणि खरंच घरी गेले. पुन्हा आले नाहीत. दादा चार-पाच महिने दुसऱ्यांना घेऊन गायले आणि मग तेही बसले. "मजा राहिली न्हाई," एवढंच कारण. टीव्हीचा आवाज तेवढा वाढत गेला. घरात आम्ही याला वयाचा तापटपणा असं नाव दिलं. नाव दिलं की समजून घ्यायचं काम वाचतं.

प्रेस शॉपची आणखी एक गोष्ट आमच्या घरात मुक्कामाला होती, ती म्हणजे खुणांची भाषा. मशीन चालू असताना तिथे बोलून उपयोग नसायचा, म्हणून सगळं हातांनी चालायचं. अंगठा ओठाशी नेला की चहा. मूठ तळहातावर दोनदा आपटली की डाय, म्हणजे साचा, बदलायचा. आपल्या हातून पीस बिघडला तर उजवा पंजा छातीवर ठेवून मग तोच उताणा पुढे करायचा: रिजेक्शन माझं. त्यावर तपासणारा दोनच उत्तरं देऊ शकायचा. खांद्यावरून मागे हात झटकला तर पीस भंगारात. बोट हवेत गोल फिरवलं तर रिवर्क, म्हणजे दुरुस्त करून चालेल. लहानपणी माझ्या हातून कप फुटला की मी पंजा छातीवर ठेवून पुढे करायची, आणि दादा बोट गोल फिरवायचे. कप फुटलेला असला तरी.

पहिली शोरूम जुन्या हायवेवर पिंपरीतच होती. गाडी छोटी, स्पीकर सहा. विक्रेता मध्यमवयीन गृहस्थ होता आणि 'प्रीमियम' हा शब्द स्वल्पविरामासारखा वापरत होता. त्याने एक दणदणीत गाणं लावलं. मुलगी स्टिअरिंगमागे बसून गंभीर चेहऱ्याने ऐकू लागली. दादा तिच्या शेजारी बसले होते. त्यांनी गाण्याकडे लक्षच दिलं नाही. डावा तळहात दाराला लावला आणि डॉक्टर पोट तपासतो तसा तो हळूहळू वरून खाली नेला.

"पत्रा पातळ हाय. नाचतोय," ते म्हणाले.

"काका, आवाज ऐका ना," विक्रेता म्हणाला. "दाराचं काय घेऊन बसलात?"

"आवाज कुठनं येतोय?"

"स्पीकरमधून."

"आणि स्पीकर कशात बसवलाय?"

दादांनी बोटाच्या पेराने दारावर टकटक केली. डबा वाजावा तसं वाजलं. मग मलाही ऐकू यायला लागलं: ढोल पडला की दाराच्या पोटात कुठेतरी बारीक खडखड होत होती. एकदा ऐकल्यावर ती ऐकू येणं थांबेना. मुलीने तक्त्यात लिहिलं: 'आवाज ठीक. दार नाचतं.'

दुसऱ्या रविवारी भोसरीच्या बाजूला गेलो. गाडी मधल्या आकाराची, स्पीकर आठ. इथे पडद्यावर आवाजाचे प्रकार निवडता येत होते: कॉन्सर्ट हॉल, स्टेडियम, स्टुडिओ. मी विक्रेत्याला विचारलं, की मंगल कार्यालय आहे का. आमच्याकडची बहुतेक गाणी तिथेच ऐकलेली असतात, मागे भांडी पडण्याच्या आवाजासह. तो मनापासून म्हणाला, "पुढच्या अपडेटमध्ये येईल मॅडम." मला तो आवडला.

खरं सांगायचं तर फरक होता. पहिल्या गाडीत गाणं आपल्या गुडघ्यांपाशी वाजत होतं. इथे ते वर उठून समोरच्या काचेवर उभं राहिलं. गाणारी बाई डॅशबोर्डच्या मधोमध उभी आणि तबलेवाला जरा उजवीकडे बसलेला, असं डोळ्यांना दिसत होतं म्हटलं तरी चालेल. मागच्या सीटवर मात्र तीच बाई पाठमोरी गात होती. मागे बसणाऱ्यांनी समारंभात असंच बसायचं असतं, हे मी आयुष्यभर पाहत आलेय.

दादांचा तळहात पुन्हा दारावर. या वेळी तो बराच वेळ तिथेच राहिला.

"हे दार गप्प हाय," ते म्हणाले. "आतनं डांबराची पट्टी नीट बसवलीय. माणसानं मन लावून बसवलीय, मशीननं न्हाई."

"आजोबा, हल्ली रोबो बसवतात."

"मग रोबोनं मन लावलंय."

मुलीने 'अनुभव' मध्ये लिहिलं: 'दार गप्प.' त्या दिवशी परत येताना दादा खुशीत होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हातांना कुणी काही विचारलं नव्हतं. आम्हालाही मौज वाटत होती. ते गाण्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत, फक्त पत्र्याबद्दल बोलतात, याचं आम्हा दोघींना काहीच वाटलं नाही.

तिसरी शोरूम मुलीच्या लाडक्या गाडीची. मोठी, इलेक्ट्रिक, बारा स्पीकर. शोरूममध्ये चाफ्यासारखा वास सोडलेला, कोपऱ्यात कॉफीचं यंत्र आणि गाडी एका गोल चौथऱ्यावर, जणू तिचा पुतळा उभारलाय. दाखवणारी मुलगी काळा कोट घालून आली होती. तिने दार लावलं आणि बाहेरचं जग थप्प करून बंद झालं.

"आता तुम्हाला कंपनीचा खास डेमो ऐकवते," ती म्हणाली. "सगळ्यांनी डोळे मिटा. आवाज तुमच्याभोवती फिरेल."

डोळे मिटा म्हटलं की मी सहसा पर्स घट्ट धरते. तरी मिटले. आधी ढोल वाजले, डिकीतल्या सबवूफरने सीट हलली. मग बासरी. मग सगळं एकदम थांबलं आणि त्या शांततेत एक नाजूक किणकिण सुरू झाली. कुणीतरी दोन छोट्या वाट्या एकमेकींवर हलकेच आपटत चाललंय असं वाटत होतं. ती डाव्या आरशापाशी निघाली, मागे आली, माझ्या मानेमागून गेली, उजव्या दारावर क्षणभर थांबली आणि पुन्हा पुढे. मला उगाच थाटमाट आवडत नाही, पण अंगावर काटा आला हे कबूल करायला हवं.

तेवढ्यात दादांचा आवाज आला. "बंद पडलं वाटतं. वायर बघा की."

कोटवाली मुलगी हसली. तिला वाटलं, आजोबा गंमत करतायत. माझी मुलगीही हसली. मग तिने आजोबांकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं.

"आजोबा, वाजतंय की."

"काय वाजतंय?"

"ते... किण किण. आत्ता तुमच्या बाजूला आहे."

दादा म्हणाले, "परत लावा." परत लावलं. ढोलांना त्यांनी मान डोलावली, बासरीलाही थोडी. मग ढोल थांबले आणि दादा वाट बघत बसले. किणकिण त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावरून गेली. त्यांनी सवयीने तळहात दाराला लावला, पण असले बारीक आवाज दारातून येत नाहीत, वर आरशाजवळच्या छोट्या ट्वीटरमधून येतात. दाराला काहीच ठाऊक नव्हतं. मुलीने त्यांना ट्वीटर दाखवला. त्यांनी वाकून त्याच्या जाळीला कान लावला.

"तिसऱ्यांदा लावा," ते म्हणाले.

तिसऱ्यांदाही तेच. ते सरळ बसले. "कशाचा आवाज हाय?"

"मंजिरीसारखा," मुलगी म्हणाली. तिला जुनं भांडण नीट ठाऊक नव्हतं, ती तेव्हा बंगळूरला शिकत होती. मला होतं. मी मागच्या सीटवर बारा स्पीकरांच्या मधोमध बसले होते, पर्स घट्ट धरून.

दादा उतरले. कोटवालीने कॉफी विचारली, त्यांनी हातानेच नको म्हटलं. गाडीला वळसा घालून ते डिकीपाशी उभे राहिले. मी जवळ गेले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हंजे तो वाजवत होता."

घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात बरंच बोलत होते, आणि सगळं स्वतःला. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला फळा दिसत नाही, हे मला आठवड्यात कळतं. घरात एक माणूस दोन वर्षं आमच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखत होता आणि मी त्याला तापट म्हणत होते.

"काकांना फोन लावू का?" मी संध्याकाळी विचारलं.

"फोनवर मला निम्मं कळत न्हाई," दादा म्हणाले. ही पहिली कबुली. जरा वेळाने म्हणाले, "आधी मोजून येऊ. गेज लावल्याशिवाय पीस रिजेक्ट करत न्हाईत. मी त्याला गेज न लावताच रिजेक्ट केला, आता निदान माझं तरी नीट मोजू."

कान तपासणाऱ्या बाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बाहेरून बघत होते. दादा ताठ बसले आणि बटण दाबू लागले. छान दाबत होते, एकसारखं. बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी दार उघडलं.

"आजोबा, मी आवाज सोडलेला नसतानाही तुम्ही दाबताय."

"दर पाच सेकंदाला एक दाबतोय," दादा म्हणाले. "कमी पडतंय का?"

बाईंना काही कळेना. मी मधे पडून सांगितलं, की या माणसाने तीस वर्षं ठरलेल्या वेगाने प्रेसचं बटण दाबलंय. हातात बटण आलं की त्याच्याकडून उत्पादन सुरू होतं. बाई हसल्या, मग दादाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. या वेळी बटण फार कमी वेळा दाबलं गेलं. नुसतं हात मांडीवर ठेवून बसून राहणं त्यांना किती जड जात होतं, ते काचेतून दिसत होतं.

कागदावर एक रेघ आली. जाड आवाजांपाशी ती बऱ्यापैकी सपाट होती आणि पुढे बारीक आवाजांपाशी कड्यावरून पडल्यासारखी खाली गेलेली. दोन्ही कानांची रेघ जवळजवळ सारखीच. दादांनी चष्मा वर करून ती पाहिली. "चांगला डाय वाटतोय," ते म्हणाले, "फक्त इथं तडकलाय."

"कंपनीत कानात काही घालत होता का?"

"बोळे द्यायचे. खिशात ठेवायचो. डाय तडकायच्या आधी मशीनचा आवाज बदलतो, बाई. तो ऐकायला पाहिजे ना. बोळे घालून कसं कळणार?"

बाईंनी सावकाश समजावलं, की मोठ्या आवाजाने सर्वांत आधी बारीक आवाज जातात. ढोलकी राहते, पेटी राहते. पाखरं जातात, शब्दांतले स आणि श जातात. "आणि मंजिरी," दादा म्हणाले. बाईंनी मान हलवली. गेलेलं परत येणार नव्हतं, पण दोन्ही कानांत मशीन बसवलं तर बरंचसं ऐकू येईल, सवय व्हायला काही आठवडे लागतील, असं त्या म्हणाल्या. आशा दाखवताना त्यांनी ती फुगवली नाही, म्हणून माझा विश्वास बसला.

कानाच्या मशीनसाठी मुलीने अर्थातच तक्ता केला. मॉडेलं डावीकडे, रकाने वर. त्यातही निवडायचे प्रकार होते: घर, गर्दी, संगीत. "गाडीसारखंच आहे की," मी म्हटलं. "फक्त इथे स्पीकर दोनच," मुलगी म्हणाली. तिने त्या संध्याकाळी बारा स्पीकरांचं नाव काढलं नाही, नंतरही नाही. त्या गाडीला तसंही बरेच महिने थांबावं लागणार होतं, असं ती स्वतःला समजावत होती. आठवडाभराने तिने दार गप्प असलेली गाडी बुक केली.

मशीन घालून दादा घरी आले त्या दिवशी मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. ते दारात उभे राहून माझ्या हातांकडे बघत राहिले.

"तू बांगड्या कधीपासनं घालायला लागलीस?"

"लग्न झाल्यापासून, दादा."

"वाजतात."

पहिला आठवडा त्यांनी कुरकुरीत घालवला. फरशीवर चपला घासतात. पिशव्या फार बोलतात. पेपर उलटताना एवढा आवाज करायची काय गरज आहे, हे त्यांनी माझ्या नवऱ्याला सुनावलं. "घर लई वाजतं तुमचं," ते म्हणायचे. पण टीव्हीचा आवाज अर्ध्यावर आला, आणि एक दिवस सकाळी ते गॅलरीत बराच वेळ उभे दिसले. खालच्या झाडावर कुठलातरी चिमुकला पक्षी सारखा एकच सूर लावत होता. मला तो रोज ऐकू येतो आणि मी कधीच ऐकलेला नाही.

गाडी ताब्यात घ्यायचा सोहळा सांगायचा मोह आवरता येत नाही. लाल मखमलीखाली झाकलेली गाडी, रिबीन, केक, पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली आणि टाळ्या वाजवायला बोलावलेले सहा कर्मचारी, ज्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातली आठवी गाडी होती. मखमल ओढायचा मान दादांना दिला. त्यांनी ती ओढली आणि फोटोवाला "स्माइल, काका" म्हणत असतानाच दारावर पेराने टकटक केली. दार गप्प. मग ते हसले. फोटो चांगला आलाय.

"कुठे जायचं पहिल्यांदा?" मुलीने विचारलं. देवाधर्माचं आमच्याकडे नाही, आणि तिला कुठेतरी लांब जायचं होतं.

"दिघीला," दादा म्हणाले.

काकांचं घर लष्कराच्या भिंतीजवळच्या गल्लीत. गल्ली अरुंद, म्हणून गाडी तोंडाशीच उभी केली. काका बनियनवर दारात बसून कुंडीतली माती उकरत होते. त्यांनी वर पाहिलं. दादा चालत जाऊन त्यांच्यापासून चार पावलांवर थांबले. मी मागे होते. वाटेत दादांनी काय काय बोलायचं याची तयारी केली होती, मला ओठ हलताना दिसले होते. त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. त्यांनी उजवा पंजा छातीवर ठेवला आणि मग तो उताणा पुढे केला.

काकांनी ती खूण पाहिली. ओळखली, यात शंका नव्हती. पण त्यांनी हात हलवला नाही. हातातलं खुरपं खाली ठेवलं, उठले आणि आत निघून गेले.

दादांचा पंजा तसाच पुढे होता. मुलीने माझा दंड धरला. मी भंगाराची खूण डोक्यातून घालवायचा प्रयत्न करत होते. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालता घालता थांबून उघड बघत होती.

काका बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक रुमाल होता. तो उलगडत म्हणाले, "कानात काय घातलंय?"

"मशीन. ऐकायचं. मला बारीक आवाज येतच नव्हते राव. वाजवत होतास तू. मला आत्ता कळलं."

"दोन वर्सं लागली व्हय गेज शोधायला?"

दादांचा पंजा अजून उताणाच होता.

"मी वाजवून वाजवून बोटं सुजवली त्या दिवशी," काका म्हणाले. "मला वाटलं, ह्याला दुसरा कोणी आणायचाय, म्हणून चारचौघांत बोलला. सरळ सांगायचं ना मग, असं म्हणत बसलो दोन वर्सं." त्यांचा आवाज जरा बिघडला, तो त्यांनी खाकरून दुरुस्त केला. "तिकडं तोंड कर."

दादा वळले. काका त्यांच्या मागे, डाव्या अंगाला गेले, हात लांब केला आणि मंजिरी एकदाच वाजवली. हलकेच. त्या गाडीतल्या डेमोत बरोबर असाच आवाज होता, फक्त याला पितळेचा वास होता.

दादा डोळे मिटून उभे होते. "मागनं," ते म्हणाले. "डावीकडनं."

काकांनी पुढे येऊन त्यांच्याकडे पाहिलं. मग उजवं बोट वर केलं आणि हवेत गोल फिरवलं. एकदा. मग पुन्हा एकदा, जरा मोठं.

चहा झाला. तिथे दोघं एकमेकांच्या कानांच्या चौकशा करत राहिले. काकांनाही फोनवर निम्मंच कळतं असं निघालं, आणि दादांनी त्यांना बटणाची तपासणी कशी असते ते अनुभवी माणसाच्या थाटात सांगितलं. जयंतीला अजून महिना होता. सराव पुन्हा सुरू करायचा तर विहाराची किल्ली कुणाकडे असते, यावर वाद झाला. शेवटी काका म्हणाले, चला, गाडीतनं जाऊन बघूनच येऊ.

दादा पुढे बसले, काका मागे माझ्या शेजारी. मुलीने सवयीने पडद्याला हात लावला. "आजोबा, कॉन्सर्ट हॉल लावू की स्टेडियम?"

"बंद कर ते," दादा म्हणाले. तिने बंद केलं.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. दादांनी घसा साफ केला आणि एक ओळ धरली. आवाज गंजला होता. पहिल्या वळणावर फाटला, त्यांनी परत सुरुवात केली, खालच्या पट्टीत. मागून मंजिरी आली. तीन ओळी झाल्या. माझी मुलगी आरशातून मागे बघत होती, पुढे बघ असं मला सांगावं लागलं. चौथ्या ओळीच्या मध्यात दादांनी गाणं अचानक तोडलं.

"मंजिरी..." ते म्हणाले.

काकांचे हात हवेत थांबले.

"मंजिरी जरा हळू वाजव राव. कान फुटतात."

"आता हळू?" काका म्हणाले. "लेका, तू एकदा काय ते ठरव."

आणि आधीपेक्षा थोडं जोरातच त्यांनी ठेका धरला.